वकिलाला सांगितलं होतं

आमच्या घरात बोलणारे दोघं आणि ऐकणारा एक होता, आणि तो एक म्हणजे कुत्रा. हसायचं असेल तर हसा. तो आल्यावर पहिलं वर्षभर मीही हसतच होते.

माझा आणि ह्यांचा अबोला चार वर्षांचा. कारण सांगते, म्हणजे मी कजाग आहे असं लगेच ठरवू नका. हवं तर शेवटी ठरवा. माझी आई बरेच दिवस आजारी होती. एका संध्याकाळी भावाकडून फोन आला, आईचं जास्त झालंय, हिला ताबडतोब पाठवा. फोन ह्यांनी घेतला. मी तेव्हा औषधांच्या दुकानात कामाला होते. सलग दोन पाळ्या उभ्यानं काढून, अंगात कणकण घेऊन आले होते आणि आल्या आल्या आडवी झाले होते. ह्यांनी विचार केला, झोपू दे बिचारीला, सकाळी सांगू. सकाळी जे सांगायची वेळ आली ते वेगळंच होतं. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, असं भावजयीनं मला नंतर सांगितलं. तिनं सांगायची काही गरज नव्हती, पण काही माणसांच्या जिभेला हाड नसतं.

मी ह्यांना एवढंच म्हणाले की आजपासून तुमचं माझं बोलणं नाही. मला वाटलं होतं, आठ दिवस. माझा राग नाकावर असतो, पण टिकत नाही. ह्यांनी एकदा तोंड उघडून चुकलं म्हणायचं, की संपलं. पण हा माणूस मूग गिळून बसला, आणि आधी मी का बोलू म्हणून मीही बसले. आठाचे पंधरा झाले, पंधराचे महिने झाले. मग तर काय बोलून सुरुवात करायची तेच सुचेना.

पहिलं वर्ष फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर काढलं. "दूध नाही." "नळवाला उद्या." "मुलीचा फोन रविवारी." ह्यांचं अक्षर छापल्यासारखं, माझं औषधांच्या दुकानातलं, म्हणजे मलाच वाचता येणारं. पुष्कळ चिठ्ठ्या वाया गेल्या.

मग मुलीची दूरच्या शहरात बदली झाली. तिथल्या घरमालकाला कुत्रा चालत नव्हता, म्हणून ती आपला कुत्रा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे ठेवून गेली. त्या दोन महिन्यांना आता तीन वर्षं होतील. तपकिरी रंगाचा, मध्यम चणीचा, एक कान उभा आणि एक पडलेला. मुलीनं त्याचं नाव काहीतरी लांबलचक ठेवलं होतं, ते ना माझ्या जिभेवर बसलं ना ह्यांच्या. खालच्या मजल्यावर शिंपीकाका राहतात. त्यांना आमच्या खिडकीतून ऐकू जायचं, मी कुत्र्याला म्हणत्येय, सांग तुझ्या बाबांना चहा झालाय. ते जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, वहिनी, तुम्ही तर घरात वकील ठेवलाय. झालं, त्या दिवसापासून तो वकील.

वकिलाला समोर बसवून मी बोलायची. वकीलसाहेब, तुमच्या अशिलाला सांगा, चहा निवतोय. वकीलसाहेब, विचारा त्यांना, ओला टॉवेल पलंगावर टाकायचा असतो का? हे बाल्कनीतून म्हणायचे, वकील, माझा चष्मा कुठं गेला? मी चष्मा आणून त्यांच्या पुढ्यात ठेवायची. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं. आमच्याकडची लेक चार पायांची होती एवढंच. बोलणं होत होतं, अबोलाही शाबूत होता. मला वाटायचं, चाललंय की. सगळ्या म्हाताऱ्या नवरा-बायकोंचं असंच तर चालतं, फक्त त्यांच्याकडे कुत्रा नसतो.

ह्यांच्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. हे कारखान्यात होते. यंत्रांचे सुटे भाग मोजून पास की नापास ते ठरवायचं काम. केसाएवढा फरक असला तरी बाजूला काढायचे. तीस वर्षं त्या खडखडाटात बसून कान गेले. उजव्या कानात ऐकण्याचं यंत्र घालतात, अगदी शेंगदाण्याएवढं. ते कानात आहे की नाही, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही, आणि मला जवळ जायचं काही कारण उरलं नव्हतं.

संध्याकाळी पाच वाजता हे बाजारातून फळ आणायचे, रोज एकच. कधी सफरचंद, कधी पेअर, कधी पपईची फाक. बाल्कनीत स्टुलावर बसून छोट्या सुरीनं कापायचे. एक फोड स्वतःला, एक वकिलाला. वकील पुढचे पाय जुळवून असा बसायचा की शाळेतल्या पोरांनी शिकावं. कधी घाई नाही, कधी हिसकणं नाही. फोड मिळाली की चावायची, की परत ह्यांच्या तोंडाकडे बघायचं. शेवटी हे आत यायचे, ओट्यावर एका बशीत दोन फोडी ठेवायचे, त्यावर वाटी पालथी घालायचे आणि वकिलाला फिरवायला न्यायचे. त्या फोडी माझ्यासाठी, असं ते कधी म्हणाले नाहीत. मीही त्या कधी त्यांच्यासमोर खाल्ल्या नाहीत. ते जिना उतरले की खायची.

खरं सांगते, मला त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा. साठी उलटलेली बाई, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, सफरचंद खाणाऱ्या कुत्र्यावर जळत्येय. कुणाला सांगणार?

गेल्या वर्षी आईला जाऊन तीन वर्षं झाली. त्या दिवशी मी कपड्यांच्या घड्या घालत होते, हे समोरच्या खुर्चीत पेपर वाचत होते, वकील मध्ये. काय वाटलं कोण जाणे, मी घड्या सोडल्या, वकिलाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, "वकिला, त्यांना सांग, माझा राग गेलाय. कधीच गेलाय. आता नुसती थकलेय." बोलले आणि मान वर करायची हिंमत होईना. ह्यांनी पेपरची घडी घातली, उठले आणि बाल्कनीत गेले. हूं नाही की चूं नाही. मी म्हटलं, बरं, एवढं बोलूनही माणूस उठून जातो तर जाऊ दे. त्यानंतर माझी जीभ जास्तच चालायला लागली. दिवसातून दहा टोमणे वकिलाच्या कानात ओतायचे, अशिलाला पोचतील म्हणून.

आता मुख्य गोष्ट. मागच्या महिन्यात मी वकिलाला इंजेक्शनसाठी दवाखान्यात नेलं. प्राण्यांच्या डॉक्टर तरुण आहेत, पण बोलायला पक्क्या. काय काय खातो म्हणून त्यांनी विचारलं. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, की आमच्याकडे तो रोज फळ खातो. त्यांनी विचारलं, कुठलं? मग एकेक फळ घेऊन समजावलं. सफरचंद द्या, पण बिया आणि मधला गाभा काढून. पपई, कलिंगड चालेल, बिया नकोत, साल नको. केळ्याच्या एक-दोन चकत्या, जास्त नाही. आणि द्राक्षं, मनुका अजिबात नाही. कुत्र्याच्या किडन्या जातात. कुठल्या कुत्र्याला किती बाधतील ते कुणीच सांगू शकत नाही, म्हणून एकसुद्धा द्यायचं नाही. निघताना म्हणाल्या, घरात सगळ्यांना सांगा हं. मला तेवढंही सांगायची गरज नव्हती. सगळी नोकरी मी गिऱ्हाइकांना गोळ्या देताना, कधी घ्यायची, किती घ्यायची, ते त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलंय. माझ्या हातून गेलेली गोळी कुणी चुकीची घेतली नाही.

घरी आले. हे खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. मी वकिलाला समोर बसवलं आणि चांगलं खणखणीत सांगितलं. ऐकलंत का वकीलसाहेब, द्राक्षं बंद. मनुका बंद. एक जरी खाल्लंत तर किडनी जाईल. सफरचंदाच्या बिया काढल्याशिवाय तोंड लावायचं नाही. आणि वर माझं मीठ लावलंच: काही माणसांना पुढचामागचा विचार न करता वागायची सवय असते, पण तुम्ही तरी शहाणे व्हा. ह्यांनी पेपरचं पान उलटलं. मी समजले, पोचलं.

परवाच्या रविवारी मला चष्म्याच्या दुकानात वेळ लागला. आले तेव्हा सात वाजून गेले होते. हे खोलीत पडले होते, वकील दाराशी लोळत होता, मला बघून शेपटी हलवली. ओट्यावर नेहमीची बशी, वर पालथी वाटी. वाटी उचलली तर आत द्राक्षं. हिरवी, टपोरी.

वाटी तशीच हातात धरून मी वकिलाकडे बघितलं. पण लगेच वाटलं, छे, ह्यांना ठाऊक आहे. मी स्वतः सांगितलंय, ह्यांच्या देखत. केसाएवढ्या फरकाला नापास करणारा माणूस, असली चूक करायचा नाही. खोलीच्या दारापर्यंत गेले. विचारायचं तर काय विचारायचं, आणि कुणाला? वकील माझ्यामागोमाग आला होता. मी खाली वाकून त्यालाच विचारलं, "तू नाही ना रे खाल्लीस?" त्यानं माझा हात चाटला. मी परत ओट्याशी गेले आणि उभ्या उभ्या सगळी द्राक्षं खाल्ली. गोड होती.

सकाळी उठले तर बाल्कनीत तीन ठिकाणी उलटी. त्यात द्राक्षांची सालं, काही न चावलेली अख्खी द्राक्षं. वकील कोपऱ्यात पडला होता. पाण्याची वाटी पुढे केली तर तोंड फिरवलं. आणि मी काय केलं असेल? लाज वाटते सांगायला. मी त्याच्याशेजारी बसून म्हणाले, वकिला, कुणी घातली रे तुला द्राक्षं? तिथंही वकिलालाच विचारलं. हे मागे दारात येऊन उभे राहिले होते. उलटीकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते, काय झालंय ते त्यांना कळतच नव्हतं. मी त्यांच्या हातात वकिलाचा पट्टा कोंबला आणि टॅक्सी बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला टेबलावर घेतलं, पोट दाबून बघितलं, रक्त काढलं. द्राक्षं म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"किती खाल्ली? आणि कधी?"

मी सवयीनं वकिलाकडे बघितलं.

"काल पाचच्या सुमाराला," हे म्हणाले.

"काल सात-आठपर्यंत आणलं असतं तर उलटी करवून बरंचसं बाहेर काढता आलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "मी सांगितलं होतं ना? घरात सगळ्यांना सांगितलं नव्हतंत का?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

"मला कुणी सांगितलं नाही," हे म्हणाले.

मी गर्रकन वळले. चार वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्या तोंडाकडे बघून बोलले. "तुमच्यासमोर सांगितलं. पेपर वाचत होतात तुम्ही."

"तू त्याला सांगितलंस," हे म्हणाले.

डॉक्टरांना आमच्या घरचं काही ठाऊक नव्हतं आणि त्यांना वेळही नव्हता. त्यांनी परत विचारलं, किती खाल्ली असतील, अंदाजे तरी.  हे म्हणाले, मोजली नव्हती, पण देठ घरी कचऱ्यात आहे. आणि तसेच, पायांत चपला उलट्यासुलट्या घालून, निघून गेले. पाऊण तासानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला द्राक्षांचा रिकामा घोस घेऊन आले. टेबलाच्या कडेला तो पसरला, चष्मा लावला आणि पेनच्या टोकानं एकेक बारीक देठ मोजायला लागले, कारखान्यात मोजत असतील तसे. मी आणि डॉक्टर बघत उभ्या होतो.

"बावन्न," ते म्हणाले. "त्यातली दहा हिच्यासाठी ठेवली होती. राहिली बेचाळीस. एक मी, एक त्याला. म्हणजे त्यानं एकवीस."

डॉक्टरांनी एकवीस लिहून घेतलं. माझ्या डोक्यात मात्र दुसराच आकडा राहिला. दहा, हिच्यासाठी. तीन वर्षं ती बशी कुणासाठी, ते मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, तेही कुत्र्याला सलाईन लावताना.

तीन दिवस त्याला तिथंच ठेवायचं ठरलं. सलाईन चालू राहील, लघवी होतेय का बघत राहायचं, किडनीचा आकडा रोज तपासायचा. आकडा चढत गेला तर काही करता येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी सगळं सांगितलं, द्राक्षं मी बशीत पाहिली होती हेही सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं.  पण ती म्हणाली, "आई, त्याला काही झालं तर तुम्ही दोघं एकमेकांशी बोलणार कसं?" आणि रडायला लागली. 

ते तीन दिवस मी विसरणार नाही. घर रिकामं म्हणजे काय, ते मला आई गेली तेव्हाही इतकं कळलं नव्हतं. सकाळी चहा केला. कप ओट्यावर ठेवला आणि तोंड उघडलं, वकीलसाहेब म्हणायला. समोर नुसती फरशी. हे स्वयंपाकघराच्या दाराशी आले, घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं आणि कप उचलून गेले. पाच वाजता हे बाल्कनीत जाऊन स्टुलावर बसले. फळ आणलं नव्हतं. हात गुडघ्यांवर ठेवून अंधार पडेपर्यंत बसून राहिले. मला रडू आलं, आणि ते त्यांना कळू नये म्हणून मी नळ सोडून भांडी घासली, घासलेलीच परत घासली. नळ सोडायचीही गरज नव्हती, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो होतो. सकाळी किडनीचा आकडा चढला होता. आता परत रक्त तपासायला घेतलं होतं आणि अर्धा तास थांबायला सांगितलं होतं. आमच्या मध्ये एका माणसाची, म्हणजे एका कुत्र्याची, जागा रिकामी होती. मला राहवेना.

"तुम्ही ऐकलं होतंत," मी म्हणाले. "मी द्राक्षं बंद म्हटलं तेव्हा तुम्ही पान उलटलंत. मी बघितलं."

ह्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी गोल डबी काढली आणि बाकावर ठेवली. बोट कानाकडे नेलं. "हे यंत्र," ते म्हणाले, "घरात असलो की या डबीत असतं. तू त्याच्याशी बोलायला लागतेस म्हणून काढतो."

"कधीपासून?"

"तो आला, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून. तू सगळे टोमणे मारायचीस. ऐकलं की मला घास उतरायचा नाही."

"मग चहा निवतोय म्हटल्यावर यायचात ते?"

"कप दिसायचा."

मी हिशेब करत बसले. मी रोज सकाळ-संध्याकाळ बोलत होते. भांडत होते, चिडवत होते, कधी कधी एखादी गंमतही सांगत होते आणि हे मनातल्या मनात हसले असतील असं धरून चालले होते. त्यातलं काहीच कुठं पोचलं नव्हतं. जवळजवळ तीन वर्षं मी त्या घरात एकटी बडबडत होते.

"गेल्या वर्षी," मी म्हणाले, "आईला तीन वर्षं झाली त्या दिवशी मी एक सांगितलं होतं. कपड्यांच्या घड्या घालताना. तुम्ही उठून गेलात."

"काय सांगितलं होतंस?"

"माझा राग गेलाय म्हणून."

हे रस्त्याकडे बघत राहिले. समोरून एक बस गेली, मग दुसरी गेली. 

"मला नाही सांगितलंस," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मला एकट्याला खाववत नाही गं. म्हणून त्याला द्यायचो. दुसरं कोण बसतं माझ्याबरोबर?"

मी काहीतरी बोलणार होते. काय बोलणार होते ते आता आठवत नाही, कारण तेवढ्यात डॉक्टर दारात आल्या आणि म्हणाल्या की आकडा थांबलाय, सकाळपेक्षा वाढलेला नाही. आम्ही दोघंही एकदम उभे राहिलो आणि आत गेलो. बाकावरचं बोलणं बाकावरच राहिलं. बसमधून परत येताना शेजारी शेजारी बसलो होतो, पण मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि हे तिकिटाची सुरळी करत होते.

चौथ्या दिवशी दुपारी वकील घरी आला. पुढच्या पायावरचे केस काढलेले, पोट खपाटीला गेलेलं, पण स्वतःच्या पायांनी जिना चढला. शिंपीकाकांनी मशीन थांबवून हात जोडले आणि म्हणाले, या वकीलसाहेब, तुमच्यावाचून कोर्ट बंद होतं. मला हसू आलं नाही. वकील आत आला, पाणी प्यायला, त्याच्या जुन्या चादरीवर जाऊन पडला आणि झोपला. त्याला आता कुणाचं काही ऐकायचं नव्हतं.

किडन्या वाचल्या होत्या, पण पूर्वीसारख्या राहिल्या नव्हत्या. काय द्यायचं आणि काय नाही, याचा छापील कागद डॉक्टरांनी दिला होता. मी तो पर्समधून काढला. फ्रिजवर लावावा असं आधी मनात आलं, चिकटपट्टीही हातात घेतली. मग ती परत खणात टाकली.

"इकडे या," मी म्हणाले. "हे तुम्हाला सांगायचंय."

हे बाल्कनीतून आले. यंत्र नव्हतं, पण माझं तोंड हललेलं दिसलं असावं. टेबलाशी माझ्यासमोर बसले, डबी उघडली, यंत्र कानात घातलं, बोटानं नीट दाबलं आणि मान हलवली. मी वाचायला सुरुवात केली. सफरचंद, बिया आणि गाभा काढून, दोन-तीन लहान फोडी. पेअर तसंच. पपई, बिया आणि साल काढून. कलिंगडाचा नुसता गर. केळं, एखादी चकती, रोज नाही. चेरी, प्लम, ज्याच्या आत टणक बी आहे ते शक्यतो नाहीच. द्राक्षं नाही, मनुका नाही, मनुका घातलेला केक, बिस्कीट काही नाही. चुकून पोटात गेलंच तर वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. प्रत्येक ओळीला हे हूं म्हणत होते. हे इतकं कान देऊन ऐकतायत, हे बघायची सवयच राहिली नव्हती मला. 

कागद अर्ध्या पानाचा. संपला.

मी तो टेबलावर ठेवला. हे समोर बसले होते, हात टेबलावर, यंत्र कानात, माझ्याकडे बघत. चार वर्षांनी हा माणूस मला ऐकायला समोर बसला होता आणि मला पुढचं वाक्य सुचत नव्हतं. आईचं काढावं, त्या फोनचं काढावं, बशीतल्या दहा द्राक्षांचं काढावं, तर पहिला शब्द कुठला?  त्यांनी पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला. आमच्या दोघांकडे एकमेकांना सांगण्यासारखं, कुत्र्यानं कुठली फळं खावीत याखेरीज काही उरलं नव्हतं, आणि तेही सांगून झालं होतं. ह्यांचा हात हळूच कानाकडे जायला लागला. मला इतकी भीती वाटली की मी कागद परत उचलला.

"पुन्हा एकदा वाचू का?" मी विचारलं.

ह्यांनी हात खाली घेतला.

"वाच," ते म्हणाले. "सावकाश वाच."

मी चष्मा पदरानं पुसला आणि परत सफरचंदापासून सुरुवात केली.